गोष्ट सांगणाऱ्याची कीं पैसे देणाऱ्याची?

अहिल्यानगराहून छत्रपति संभाजीनगराकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर, नगरपासून सुमारें पस्तीस किलोमीटर अंतरावर घोडेगांव आहे. नेवासें तालुक्यांतील हें गांव आमच्या पुष्कळ वाचकांच्या ओळखीचें असेल. कोणी तेथें कांद्याच्या गोणी घेऊन गेले असतील, कोणी जनावरांच्या बाजारांत म्हैस घ्यावयास किंवा विकावयास गेले असतील, आणि कोणी शिंगणापूरच्या फाट्यावर गाडीची वाट पाहत उभे राहिले असतील. अशा बाजाराच्या गांवीं दिवसभर माणसांचा आवाज चाललेला असतो. कांद्याचा भाव पुकारला जातो, म्हशीच्या दुधाची तारीफ होते, हमाल एकमेकांस हांका मारतात. परंतु ह्या सर्व गलबल्यांत एक आवाज कोठेंच ऐकूं येत नाहीं. तो म्हणजे घरीं ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्या माणसांचा. त्यांस १९७२ चा दुष्काळ आठवतो. खडी फोडून आणलेली मजुरी, सुकडी आणि परदेशांतून आलेली लाल मिलो ज्वारी आठवते. कोणत्या आडाचें पाणी कधीं आटलें, कोणी कोणास दाणे उसने दिले आणि कोणीं दार लावून घेतलें, हें सर्व आठवतें. पण तें ऐकावयास कोणास वेळ नाहीं.

आजचा आमचा प्रश्न ह्या न ऐकूं येणाऱ्या आवाजाविषयीं आहे. तो बाजारापर्यंत पोहोंचावा काय? पोहोंचला तर त्याचा खर्च बाजारानें द्यावा काय? आणि बाजारानें खर्च दिला म्हणजे तो आवाज बाजाराचा होतो, कीं सांगणाऱ्याचाच राहतो? प्रश्न लहान दिसतो. परंतु त्यांत खरेपणा, कृतज्ञता आणि गरिबाचा मान हीं तिन्ही गुंतलेलीं आहेत. म्हणून, वाचकहो, त्याचा जरा सावकाश विचार करूं.

पूर्वीं गोष्ट सांगण्याच्या जागा ठरलेल्या असत. पहांटे जात्यावर बाया ओव्या म्हणत. पुरुष मंडळी पारावर, चावडीपुढें किंवा खळ्यांत शेकोटीभोंवतीं बसत. आणि मुलें आजीच्या गोधडींत शिरून कहाण्या ऐकत. विजेची गिरणी आली तेव्हां हातांचे कष्ट वांचले, हें चांगलेंच झालें. परंतु जात्याबरोबर ओवीही कोपऱ्यांत गेली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांत फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, म्हणून आज त्या वाचावयास व ऐकावयास तरी मिळतात. ज्या बायांनीं त्या रचिल्या त्यांतील बहुतेकींस अक्षर येत नव्हतें. माहेर, सासर, भूक, भाऊ, पाऊस ह्यांविषयीं त्यांस जें म्हणावयाचें होतें तें त्या दगडाच्या कानांत म्हणत, कारण माणसाचा कान मोकळा नव्हता. आतां तर आजी आणि नातू एकाच घरांत, एकाच दिव्याखालीं बसतात, आणि नातवाच्या कानांत मोबाईलचे बोंडूक असतें. ह्यांत गुन्हा कोणाचा नाहीं. पण तोटा मात्र दोघांचा आहे.

हा तोटा भरून काढण्याचें एक साधन नभोवाणी, म्हणजे आपला साधा रेडिओ, हें होऊं शकतें असें अनुभवावरून दिसून आलें आहे. ह्या कामीं आपल्या जिल्ह्याचा संबंध फार जुना आहे. १९५६ सालीं फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत पुणें आकाशवाणीनें एक प्रयोग केला. युनेस्कोचें साहाय्य आणि टाटा समाजविज्ञान संस्थेची पाहणी त्यामागें होती. पुणें, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर ह्या पांच जिल्ह्यांतील सुमारें दीडशें खेड्यांत श्रोत्यांचीं मंडळें स्थापण्यांत आलीं. सुमारें वीस वीस माणसें आठवड्यांतून दोनदां सायंकाळीं रेडिओभोंवतीं जमत, अर्धा तास ऐकत, मग आपसांत चर्चा करीत आणि आपले प्रश्न पुण्यास कळवीत. ऐका, चर्चा करा आणि कामास लागा, असें त्या प्रयोगाचें ब्रीद होतें. ज्यांस वाचतां येत नव्हतें तेही ह्या मंडळांत बोलूं लागले, आणि ज्या गांवीं मंडळें होतीं त्या गांवांचें शेतीविषयक ज्ञान इतर गांवांपेक्षां पुष्कळ वाढलें, असें पाहणींत आढळलें. तथापि त्या प्रयोगांत बोलणारा मुख्य आवाज पुण्याचा होता. खेडें ऐकत होतें, विचारीत होतें. पण स्वतः हवेवर येत नव्हतें.

तें दार उघडावयास आणखी पन्नास वर्षें लागलीं. १९९५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं ध्वनिलहरी ही सर्व लोकांची मालमत्ता आहे, त्या सरकारच्याही एकट्याच्या नव्हेत. पुढें शिक्षणसंस्थांस लहान रेडिओ केंद्रें चालविण्याची परवानगी मिळाली, आणि १६ नोव्हेंबर २००६ च्या धोरणानें ती सेवाभावी संस्थांस व कृषि विज्ञान केंद्रांसही देण्यांत आली. अशा केंद्रास सामुदायिक रेडिओ म्हणतात. त्याची शक्ति साधारणपणें शंभर वॅट, म्हणजे जुन्या मोठ्या दिव्याएवढी. मनोरा फार तर तीस मीटर उंच. आवाज पोहोंचतो दहापंधरा किलोमीटर. नफ्यासाठीं चालणाऱ्या धंद्यास किंवा राजकीय पक्षास त्याचा परवाना मिळत नाहीं. निदान अर्धे कार्यक्रम तेथल्याच लोकांच्या सहभागानें तयार झाले पाहिजेत असा नियम आहे. आज देशांत अशीं पांचशेंच्या आसपास केंद्रें आहेत. आपल्या नगर शहरांत स्नेहालय ह्या संस्थेचें रेडिओ नगर हें केंद्र २०११ सालीं सुरू झालें. त्याचा आवाज हवेंतून घोडेगांवापर्यंत येणें कठीण. शंभर वॅटची धांव तितकी नाहीं. परंतु उद्यां घोडेगांवींच असें केंद्र निघालें, तर सोनई, चांदा, शिंगणापूर, वडाळा हीं गांवें सहज त्याच्या कवेंत येतील.

अशा केंद्रावर कोण बोलतो, हें पाहावयाचें असेल तर सातारा जिल्ह्यांतील म्हसवडास जावें. माण तालुका म्हणजे दुष्काळी मुलूख. तेथें १९९७ सालीं चेतना सिन्हा यांच्या पुढाकारानें बायांची सहकारी बँक निघाली. पहिला अर्ज नामंजूर झाला, कारण सभासद बायांपैकीं पुष्कळ जणी अंगठा उठविणाऱ्या होत्या. त्या बाया कांहीं महिने रात्रीं अक्षरें शिकल्या आणि पुन्हां रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांपुढें जाऊन म्हणाल्या कीं, आम्हांस वाचतां येत नव्हतें हें खरें, पण व्याज तोंडी काढून दाखवितों. परवाना मिळाला. त्याच म्हसवडांत २००८ सालीं माणदेशी तरंग वाहिनी हें रेडिओ केंद्र सुरू झालें, आणि शाळेचें तोंड न पाहिलेल्या केराबाई सरगर यांच्यासारख्या वयोवृद्ध बाईचा आवाज त्यावरून माणदेशांत घरोघर गेला. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत तेलंगणांतील माचनूर ह्या खेड्यांत संगम रेडिओ सुरू झाला. तो दलित शेतकरी बाया चालवितात, आणि जुनीं बियाणें, भरड धान्यें, सण, गाणीं ह्यांविषयीं म्हाताऱ्या बाया त्यावर सांगतात. म्हणजे ज्यांस अक्षर नाहीं म्हणून जग मुके समजत होतें, ते मुके नव्हते. त्यांजपुढें कोणी कान धरला नव्हता, एवढेंच.

कोणी विचारील कीं, म्हातारीच्या गोष्टीनें पोट भरतें काय? आपल्याच जिल्ह्यांतील अकोले तालुक्याकडे पाहावें. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे ह्या कधीं शाळेंत गेल्या नाहींत. पण गांवरान बियाणें कोणतें, तें कसें राखावें, हें त्यांस आईबापांच्या पिढीकडून ठाऊक होतें. इतरांनीं तें टाकून दिलें, त्यांनीं तें जपलें. आणि २०२० सालीं सरकारनें त्यांस पद्मश्री जाहीर केली. आज त्या बियाण्यावर कितीएक घरांची शेती व कमाई चालते. किंवा घोडेगांवच्या शेजारच्या शिंगणापुराचें उदाहरण घ्या. तेथील घरांस दारें नसण्याची गोष्ट देशभर पसरली, आणि तिच्या मागोमाग रस्ते, गाड्या, खाणावळी व दुकानें आलीं. युको बँकेनेंही २०११ सालीं तेथील आपली शाखा बिनकुलपाची म्हणून उघडली. त्या गोष्टीविषयीं कोणाचें मत कांहींही असो, गोष्टीच्या मागें व्यापार येतो एवढें त्यावरून निर्विवाद दिसतें. आणि जेथें व्यापार गोष्टीच्या मागें येतो तेथें तो पुढें जाऊन तिचा हात धरण्याची इच्छाही करितो. आमच्या प्रश्नाचें मूळ येथें आहे.

रेडिओ केंद्र चालविण्यास वीज लागते, यंत्रें बिघडतात, दोनचार मुलामुलींस पगार द्यावा लागतो. हा पैसा कोठून यावा? सरकारनें लहान जाहिरातींची मोकळीक दिली आहे. २०२४ सालीं जाहिरातीची मर्यादा तासास सात मिनिटांवरून बारा मिनिटें करण्यांत आली. धोरणांत एक भेद मात्र स्पष्ट ठेविला आहे. गांवांतील दुकानें, सेवा, नोकऱ्या, उत्सव ह्यांच्या जाहिराती घेतां येतात. परंतु एखाद्या व्यापाऱ्यानें पैसे देऊन सबंध कार्यक्रमच आपल्या नांवानें प्रायोजित करावा, ह्यास परवानगी नाहीं. म्हणजे कायद्यानें जाहिरात आणि गोष्ट ह्यांमध्यें एक बांध घातला आहे. बांध घातला हें योग्यच. पण पाणी बांधाच्या खालूनही झिरपतें, हें शेतकऱ्यास कोणीं सांगावयास नको.

कसें, तें एका कल्पित उदाहरणानें पाहूं. समजा, एका गांवीं असें केंद्र आहे. तेथील किराणा व बियाण्यांच्या मोठ्या दुकानाची जाहिरात रोज सायंकाळीं लागते. तिच्यावर केंद्राचा महिन्याचा बराच खर्च निघतो. दुकानदार तरुण आहे, शिकलेला आहे, वागण्यांत सभ्य आहे. सर्व वस्तींतल्या लोकांस तो सारख्या मापानें माल देतो. जाहिरातीनंतर म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींचा कार्यक्रम लागतो. एके दिवशीं गांवाच्या कडेच्या वस्तींतील एक आजी बोलावयास येते. दुष्काळाविषयीं सांगतां सांगतां ती म्हणते, "आम्हांला आडावर जाऊ देत नव्हते. घागर खालीं ठेवून उभं राहायचं, कोणी दया करून वरून ओतलं तर ओतलं. दुकानांत मीठ घ्यायला गेले तर पैसा पायरीवर ठेवायचा, त्यावर पाणी शिंपडून मग उचलायचे. ते दुकान अजून आहे." कार्यक्रम हवेवर जाण्यापूर्वीं मुद्रित होत असतो. संध्याकाळीं दुकानदाराचा निरोप येतो. त्यांत धमकी नाहीं, विनंति आहे. "आजींनीं बाकी सगळं सांगावं. तेवढं वाक्य तेवढं काढून टाका. माझ्या आजोबांच्या काळचं आहे. आतां तसं कांहीं राहिलं नाहीं."

वाचकहो, केंद्राच्या मुलांनीं काय करावें?

एक पक्ष म्हणेल कीं, वाक्य काढावें. दुकानदाराचा त्यांत अपराध नाहीं. आजोबाचें पाप नातवाच्या माथीं मारणें अन्याय होय. जुनी जखम उघडून गांवांत तेढ कां वाढवावी? शिवाय जाहिरात गेली तर केंद्र बंद पडेल, आणि मग कोणत्याच म्हातारीची गोष्ट ऐकूं येणार नाहीं. एका वाक्यासाठीं शंभर गोष्टी कां गमवाव्या? हा पक्ष दुष्टांचा नव्हे. शांतता इच्छिणारे पुष्कळ चांगले लोक ह्याच पक्षाचे असतात.

दुसरा पक्ष म्हणेल कीं, वाक्य ठेवावें इतकेंच नव्हे, तर त्यांत दुकानाचें व आजोबाचें नांवही घालावें. सत्य अर्धें सांगूं नये. ज्यानें अपमान केला त्याचें नांव झांकून अपमान झालेल्याचें मात्र उघड करावें, हा कोठला न्याय? ह्या पक्षाच्या रागाचें कारण आम्हांस समजतें. १९२७ सालीं महाडच्या तळ्यावर डॉ. आंबेडकरांनीं माणसांस पाणी प्यावयास नेलें, १९५० सालीं राज्यघटनेनें अस्पृश्यता नष्ट केली, १९५५ सालीं तिच्यासाठीं शिक्षेचा कायदा झाला. तरी कितीएक आडांस आणि पायऱ्यांस त्याची खबर पुढें पुष्कळ वर्षें लागली नाहीं. ज्यांनीं तें सोसलें त्यांस गप्प बसा म्हणणें म्हणजे तेंच पाणी पुन्हां वरून ओतणें होय.

आमचें मत ह्या दोहोंहून निराळें आहे, आणि तें मध्यम म्हणून नव्हे तर कारणें पाहून निराळें आहे. पहिली गोष्ट, वाक्य ठेवावें कीं काढावें हा निर्णय आजीचा आहे. तो केंद्राचा नाहीं आणि दुकानदाराचा तर मुळींच नाहीं. आजी स्वतः म्हणाली, "राहूं द्या बाळांनो, माझ्या नातीला त्याच गांवांत राहायचं आहे," तर तिच्या मौनास मान द्यावा. कोणाही म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून, त्याची इच्छा नसतां, दुःख उकरून काढून हवेवर सोडूं नये. परंतु तिनें स्वेच्छेनें राखलेलें मौन आणि दुसऱ्यानें पैशानें विकत घेतलेलें मौन हीं बाहेरून सारखीं दिसलीं तरी एक नव्हेत. पहिलें ही तिची मालकी, दुसरी चोरी. कारण ऐकणारा असें समजतो कीं, आपण आपल्या गांवाची गोष्ट ऐकत आहों. त्यांत जेथें भोंक पडलें तेथें कोणाचा पैसा ठेविला आहे, हें त्यास ठाऊक नसतें. प्रत्येक वाक्य खरें असूनही सबंध गोष्ट खोटी होते. साक्षीदारानें खोटें न बोलतां, पैसे घेऊन खरें गाळलें, तर त्यास आपण प्रामाणिक म्हणतों काय?

दुसरी गोष्ट नांवाविषयीं. जें वाक्य सत्यास लागतें तें ठेवावें. जें केवळ बोंचण्यास लागतें तें सोडावें. पायरीवर पैसा ठेवावा लागे, हें सत्यास लागतें. कारण त्यावांचून त्या काळचा गांव कळत नाहीं. तो अमक्याच घराचा पायंडा होता असें म्हणणें मात्र खरें नाहीं, कारण तो गांवोगांवचा होता. एका दुकानाचें नांव घेतल्यानें बाकीचीं दुकानें सुटतात. म्हणून आमच्या मतें आजीनें घडलें तें पुरतें सांगावें, आणि आजच्या नातवाचें नांव त्यांत ओंवूं नये. हें तिजवर बंधन नव्हे. सल्ला आहे, आणि तो पैशाच्या भयानें नव्हे तर न्यायबुद्धीनें दिलेला आहे. तो मानावा कीं न मानावा हेंही तीच ठरवील.

तिसरी गोष्ट दुकानदाराविषयीं, आणि ती त्यानें रागावूं नये अशा भावानें सांगतों. तो असें समजतो कीं, जाहिरातीचा पैसा देऊन आपण आजीच्या गोष्टीवर उपकार करितों. हिशेब जरा मागून मांडून पाहावा. १९७२ च्या दुष्काळीं कामांवर लाखों माणसांनीं खडी फोडली आणि मातीच्या पाट्या वाहिल्या. त्यांतून कितीएक रस्ते व पाझर तलाव झाले. आज अशा रस्त्यांवरून मालमोटारी धांवतात, कांदा बाजारांत जातो आणि दुकानांत माल येतो. ज्या हातांनीं दगड फोडला त्या हातांचा पैसा त्या वेळीं पायरीवर ठेवून घेतला गेला. तेव्हां त्या हातांच्या मालकिणीची गोष्ट आज ऐकावयास दुकानानें महिन्यास कांहीं रुपये खर्च केले, तर तें दान नव्हे; फार उशिरां केलेली थोडी फेड आहे. ऋणको सावकारास अटी घालूं लागला तर आपण हंसतों.

आणि ह्यांत दुकानदाराचा लाभही आहे. गिऱ्हाईक कोणत्या दुकानावर भरंवसा ठेवितें? ज्याच्या तोंडीं स्वतःची स्तुति आहे त्याजवर, कीं ज्यानें आपल्याच जाहिरातीशेजारीं आपल्यास बोंचणारें सत्य राहूं दिलें त्याजवर? वर, जें त्यानें गाळावयास सांगितलें तें सर्वांत अधिक त्याच्याच मुलांस कळणें अगत्याचें आहे. आजोबा काय करीत होते हें ज्यास ठाऊक आहे, तो स्वतः काय करितो ह्याकडे लक्ष देतो. ज्यास तें कोणीं सांगितलेंच नाहीं, तो पायरीचें दुसरें रूप उद्यां नव्यानें बांधूं शकेल आणि त्यास कळणारही नाहीं.

येथें कोणी आणखी एक शंका घेईल: म्हाताऱ्या माणसांस सर्व नीट आठवतें काय? नाहीं. आठवण वर्षांची गल्लत करिते, सोसलेलें वाढवून सांगते आणि केलेलें कमी करून सांगते. म्हणून एकीच्याच गोष्टीवर थांबूं नये. दुकानदाराच्या घरींही म्हातारी असेल, तिलाही बोलवावें. त्याच दुष्काळांत आपल्या सासऱ्यानें कोणास उधार ज्वारी दिली आणि ती कधीं मागितली नाहीं, हें कदाचित् ती सांगेल. तेंही खरें असेल. गांवचा लोहार, शिंपी, चांभार, सायकल दुरुस्त करणारा, बाजारांत चहा विकणारी बाई, ह्या सर्वांच्या धंद्याची गोष्ट गोष्ट म्हणूनच ऐकण्यासारखी आहे. धंदा कसा शिकलों, कोणीं शिकविला, पहिलें हत्यार कोठून आलें, आतां मुलगा तो कां करीत नाहीं, हें ऐकून कितीएक मुलांस आपल्या गांवांतील कामाची किंमत कळेल, आणि त्या गरीब धंदेवाल्यांकडे चार गिऱ्हाइकेंही अधिक जातील. त्यांत कांहीं वावगें नाहीं. नियम एवढाच कीं, ह्या गोष्टीसाठीं कोणीं पैसा देऊं नये आणि कोणीं घेऊं नये. माल चांगला आहे हें जाहिरातीच्या मिनिटांत उघडपणें सांगावें. गोष्टीच्या तोंडून तें लपवून सांगूं नये. विकणाऱ्यानें विकणारा म्हणून बोलावें आणि साक्षीदारानें साक्षीदार म्हणून.

दुसरी शंका अशी कीं, आतां प्रत्येकाच्या हातांत मोबाईल आहे, जगांतल्या सर्व गोष्टी त्यावर आहेत, मग दहा किलोमीटर जाणाऱ्या आवाजाचें काय कौतुक? आमचें म्हणणें असें कीं, तें थोडें अंतर हाच त्याचा गुण आहे. मोबाईलवर खोटें पाठविणारा कोण व कोठला हें कळत नाहीं. परंतु घोडेगांवच्या केंद्रावरून जो बोलेल त्यास पुढच्या बाजारीं त्याच लोकांस तोंड दाखवावयाचें असतें. कोणी म्हणेल, "बाबा, तूं सांगितलेंस तें तसें नव्हतें," आणि त्यास उत्तर द्यावें लागेल. जेथें बोलणारा व ऐकणारा एकाच पाणवठ्याचे आहेत, तेथें शब्दास वजन येतें. आणि जेथें आजी ऐकूं येते तेथें नातू, दुसऱ्या कोणाच्या तोंडून आपल्या आजीची ओळख होऊन, घरीं येऊन विचारतो, "आजी, हें तूं मला कधीं सांगितलें नाहींस?" खरें उत्तर बहुधा एकच असतें. त्यानें कधीं विचारलें नव्हतें.

विचारणें हें किती मोठें काम आहे, ह्याचें उदाहरण आपल्याच जिल्ह्यांत आहे. लक्ष्मीबाई टिळक ह्या शाळेंत शिकलेल्या नव्हत्या. लिहावाचावयास त्या लग्नानंतर घरींच शिकल्या. त्यांच्या आयुष्याचीं पुष्कळ वर्षें नगर व राहुरी येथें गेलीं. रेव्हरंड टिळक १९१९ सालीं वारल्यावर त्यांचें चरित्र लिहावें म्हणून मुलानें, देवदत्तानें, आईपाशीं आठवणी मागितल्या. आई सांगूं लागली, लिहूं लागली, आणि त्यांतून निघालेलीं स्मृतिचित्रें १९३४ पासून भागाभागानें पुस्तकरूपानें आलीं. आज तें पुस्तक मराठींतील उत्तम ग्रंथांत गणलें जातें. मुलानें विचारलें नसतें, तर तें सर्व एका बाईच्या मनांत राहून तिच्याबरोबर गेलें असतें. आपल्या वस्तींत अशा किती बाया न विचारतां गेल्या, ह्याचा हिशेब कोणीं ठेविला आहे?

म्हणून आमच्या प्रश्नाचें उत्तर आम्ही असें देतों. गोष्ट सांगणाऱ्याची आहे. पैसे देणाऱ्यानें तिला वाट द्यावी, दिवा द्यावा, वीज द्यावी. तिच्या जिभेवर हात ठेवूं नये. केंद्र चालविणाऱ्यानें आधींच सर्व जाहिरातदारांस कागदावर सांगून ठेवावें कीं, तुमचा पैसा जाहिरातीच्या मिनिटांचा आहे, गोष्टीचा नव्हे. आणि एकाच मोठ्या दुकानावर विसंबण्यापेक्षां वीस लहान दुकानांकडून थोडें थोडें घ्यावें, म्हणजे एकजण रागावून गेला तरी दिवा विझणार नाहीं. तरीही कधीं खोटें बोलून केंद्र चालवावें कीं खरें बोलून कांहीं दिवस बंद ठेवावें, असा प्रसंग आला, तर बंद ठेवावें. बंद पडलेलें केंद्र पुन्हां सुरू करतां येतें. ऐकणाऱ्यांचा एकदां गेलेला विश्वास मात्र पुन्हां जाहिरात देऊन आणतां येत नाहीं.

आणि जेथें केंद्र नाहीं तेथेंही काम थांबलेलें नाहीं. आज रात्रीं जेवणें झाल्यावर, मोबाईल बाजूस ठेवून, आपल्या घरांतील सर्वांत म्हाताऱ्या माणसास एक प्रश्न विचारावा: तुम्ही आमच्याएवढे होतां तेव्हां पाणी कोठून आणीत होतां? मग मध्यें न बोलतां ऐकावें. पहिल्यानें ती म्हणेल, "काय ठेवलंय त्यांत, जाऊं दे." तिनें असें म्हटलें तरी उठूं नये. थोडा वेळ तसेंच बसून राहावें.